शिंक आली म्हणून

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
केम, ११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अप्पांना गौरम्माचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमची शिंक आधी गल्लीत पोचते आणि मग तुम्ही घरात येता, असं अव्वा मला एकदा म्हणाली होती. तिची स्वतःची शिंक म्हणजे फोडणीतली मोहरी. आमच्या यांची तीनदा श्वास ओढून न येताच परत जाते. मी माझी सासरी पदरात दाबायला शिकले, आता नुसती चूं होते.

फोनवर तुमचं बोलणं उमटत नाही, म्हणून लिहिते. गुरुवारी ऑपरेशनला निघताना उंबऱ्यात तुम्हाला शिंक आली. आपली रीत, सगळे बसलो, पाणी प्यालो. उठायची वेळ झाली तर तुम्ही चपला काढून आडवे झालात! डॉक्टरांनी आता सोमवार, २५ तारीख दिली आहे. स्वरयंत्र काढलं नाही तर गाठ श्वास अडवेल, असं ते स्पष्ट म्हणाले. खरं सांगा, तपकीर ओढली होती का?

दूध वेळेवर घ्या. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपली,
गौरम्मा

भवानी पेठ, सोलापूर
१५ नोव्हेंबर

चि. सौ. गौरम्मास अनेक आशीर्वाद.

ओढली होती की. तुझी अव्वा असती तर डबी गटारात गेली असती.

डॉक्टरांना मी कागदावर लिहून विचारलं, बोलणं जाऊ दे, शिंकेचं काय? ते हसले. म्हणाले, गळ्याच्या भोकातून हवा जाईल, आवाज नाही. तूही हसशील. पण तुझी आई गेल्यापासून रोज सकाळी मी शिंकतो आणि समोरच्या खातूनबी खिडकीतून ओरडतात की भाईसाब उठले, अल्ला रहम करे. एक दिवस शिंक आली नाही, तर त्यांनी लेकाला, महबूबला, दार वाजवायला धाडलं. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलतं. तू म्हणशील केमला या. जावयाच्या घरात मला खोकायची पण लाज वाटते, शिंकणार कुठं?

जगून झालंय लई. आग्रह करू नको. जावयांना शरणु शरणार्थी म्हणून नमस्कार सांग, आणि तुझ्यावर माया आहे तशीच.

अप्पा

केम, १९ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र परसात उभ्यानं वाचलं. दाराला घंटा बसवू, रोज सकाळी वाजवा, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. घंटेला कोण रहम म्हणणार?

तपकिरीचं मी उगाच विचारलं. तुमच्या बोटांना ती लागलेली मला त्याच सकाळी दिसली होती. रिक्षा दारात होती, हे पिशवी घेऊन खाली पोचले होते. मी ओरडून सांगू शकले असते की ही शिंक खोटी आहे, चला. उलट सगळ्यांत आधी मीच बसले, आणि बसल्यावर बरं वाटलं. तेव्हापासून घास गिळताना मला तुमचा गळा आठवतो. यांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत त्यातलं काहीच मला खोडता येत नाही. तुमची शिंक जाणार आणि त्या जागी द्यायला माझ्याकडे काही नाही. मला फक्त तुम्ही हवे आहात, आवाजाशिवायसुद्धा, हा माझा स्वार्थच.

तुमची माया कायम राहील, ती मागत नाही. मागते ते दुसरंच. सोमवारी सकाळी सात वाजता मी स्टेशनवरून रिक्षा घेऊन येते. तुम्ही नाही म्हणणार, ठाऊक आहे. तरी अप्पा, रिक्षात बसा.

तुमची,
गौरम्मा