भोपळेवालीचं वजन

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांना फोनवर बोलायला लावू नकोस, ऐकून मलाच इकडे खोकला येतो.) आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे आता ठीक.

मंगळवारी मी बाबांना घेऊन आठवडी बाजाराला गेलो. ताजी भाजी हे निमित्त. खरं म्हणजे ते चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसले होते. तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या: खिशात पत्त्याची चिठ्ठी, गळ्यात शिट्टी (ती त्यांनी काढून माझ्याच खिशात टाकली). टोमॅटो निवडायला मी फार तर दोन मिनिटं खाली वाकलो असेन. वर बघतो तो बाबा नाहीत.

ताई, अलीकडे त्यांना आपली गल्लीही आठवत नाही, तुला ठाऊक आहे. कांद्यांच्या राशी, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळीकडे धावलो. पांढऱ्या शर्टातल्या तीन म्हाताऱ्यांना मागून ‘बाबा’ म्हणून हाक मारली. एकाने ओही दिली. मोठ्या रस्त्यावर एक ट्रक करकचून ब्रेक मारून थांबला, आणि तिकडे बघायची माझी हिंमत होईना.

मग भोपळ्यांपाशी गर्दी दिसली. मधोमध बाबा, हातात भोपळेवालीचं दोन किलोचं लोखंडी वजन. हे वजन चुकीचं आहे, जप्त करावं लागेल, असं ते शांतपणे सांगत होते. (आपण निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, हे वजनमापे निरीक्षकसाहेबांना कुणीतरी कळवायला हवं होतं.) भोपळेवालीच्या हातात कोयता. इतक्या वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नाही, असं ती ओरडत होती. एकाने बाबांची कॉलरही धरली होती. मी मध्ये घुसलो, हात जोडले, म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका म्हणालो. तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जोडलेले हात खाली घेतले.

त्यांनी लसूणवाल्याचं वजन मागून घेतलं, मग मिरचीवाल्याचं. दोन्ही तराजूत घातली; काटा सरळ. मग एक काढून तिथे भोपळेवालीचं ठेवलं. ते पारडं खाली गेलं.

“बाई, तुमचं वजन जड आहे,” बाबा म्हणाले. “तुम्ही लोकांना जास्त देताय.”

कोयता हळूहळू खाली आला. वजनाच्या बुडात भरलेलं शिसं पडलं तेव्हा लोहाराकडून भरून घेतलं होतं, असं ती पुटपुटली. केव्हा, बाबांनी विचारलं. मुलीच्या लग्नाआधी. मुलीला आता मुलं किती? तीन. बाबांनी नुसती मान हलवली. गर्दीत कुणी हसलं नाही, कारण निम्मी तिचीच गिऱ्हाइकं होती.

त्यानंतर निम्म्या बाजाराने वजनं तपासायला आणली आणि उरलेल्या निम्म्याने दुकानं आवरली. बाबा पालथ्या क्रेटवर दोन तास बसले आणि एकही आकडा चुकले नाहीत. (गल्ली मात्र त्यांना येतानाही आठवली नाही.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांची पितळी वजनांची पेटी तुझ्या माळ्यावर आहे. कुणाबरोबर तरी पाठव. मंगळवारच्या आत.

ता. क. दुसरा. एक तारखेला तू त्यांना कायमचं तुमच्याकडे न्यायला येणार आहेस. विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून मीच लिहितो: येऊ नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहायला घेतलं होतं, पण तुझी भीती वाटली.