गाडीला मागचा कॅमेरा बसवला

शिरगाव, बदलापूर
नोव्हेंबर २००८

प्रिय रूपेश,

जय भीम. मी, तुझी आजी, हे पत्र तुझ्या बापाच्या हातून लिहून घेतेय, म्हणून अक्षर ओळखीचं वाटलं तर दचकू नकोस. तुझ्या आईचं अक्षर जास्त चांगलं, पण तुझ्या नावाचा कागद पुढे आला की शीला दुसऱ्या ओळीला रडते आणि माझं सांगायचं तसंच राहतं. ती अंबरनाथला बहिणीकडे गेलीय, तेवढी संधी साधली. नरेंद्र आधी नाहीच म्हणाला. मग मी म्हटलं, बरं, शेजारच्या राजाबाईच्या सुनेकडून लिहून घेते, घरातलं सगळं तिच्या कानात ओतते. तेव्हा बसला. अट घातलीय की नव्या गाडीच्या कॅमेऱ्याचं तेवढं लिहीन, तुझ्या लग्नाचं लिहिणार नाही. मी मान डोलावली. पाच वर्षांत त्याने तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. आत्ता 'प्रिय' लिहून पेन थांबलं होतं. मला अक्षर कळत नाही, थांबलेलं पेन कळतं.

तर गाडी पांढरी आहे. लांबून बघितलं तर दवाखान्याची वाटते, पण हे त्याला सांगायचं नाही, राग येतो. आता त्यानेच लिहिलंय म्हणजे कळलंच. बोळातून ती मागे काढायची म्हणजे याला घाम फुटतो. कुणाला पाठीमागे उभं करत नाही, कुणी हात दाखवलेला चालत नाही, काच खाली करून स्वतःच मान वाकडी करतो आणि मग दोन दिवस मानेला बाम. शेवटी ऑफिसात कुणीतरी सांगितलं की उल्हासनगरला मागचं दाखवणारा कॅमेरा बसवून मिळतो. मी म्हटलं मी पण येते. म्हणाला तुझं काय काम. म्हटलं, डोळे घ्यायला चाललायस, एकदा माझे पण दाखवून आणू.

दुकानदार सिंधी, गोड माणूस. मला माताजी माताजी करत स्टुलावर बसवलं, चहा मागवला. नरेंद्रपुढे खोकी मांडून सांगायला लागला, "देखो साईं, ये वाला खाली टूं टूं करेगा. पीछे बकरी है के आदमी है, वो नहीं बोलेगा. ये दूसरा पिक्चर दिखाएगा. और ये तीसरा सस्ता है, लेकिन अंधेरे में अंधा." मी म्हटलं, हा तिसरा आमच्या सासऱ्यांवर गेलाय. दुकानदार हसला. नरेंद्र हसला नाही. म्हणाला, "टूं टूं नको. आमच्या घरात न मारलेल्या हाका पण ऐकू येतात लोकांना. मला डोळ्याने दिसलं पाहिजे." दुकानदाराला वाटलं गंमत चाललीय, तो पुन्हा हसला. माझा चहा तसाच राहिला. लिही नरेंद्र, थांबू नकोस, तुझंच वाक्य आहे.

हिरामण म्हणून मिस्तरी होता, टक्कल पडलेला, हळू बोलणारा. त्याने मागच्या दाराचं आतलं पॅनल उघडलं, खालच्या गालिच्यातून वायर पुढे ओढली आणि गाडी मागे घेताना जो पांढरा दिवा लागतो त्याला जोडली. पुढे तळहाताएवढा टीव्ही चिकटवला. पहिल्यांदा चित्र उलटं आलं. मी मागे उभी राहून उजवा हात हलवला तर तुझा बाप आतून ओरडतो, "डावा हलवतेयस!" हिरामणने कॅमेऱ्याची एक बारीकशी वायर कापली आणि सगळं सरळ झालं. मग मला आत बसवून तो मागे उभा राहिला. दिसत होतं सगळं. रस्ता, गटाराचं झाकण, त्याच्या चपला. मी म्हटलं, हिरामणभाऊ, जरा डाव्या चाकामागे खाली वाक बघू. दगड काढल्यासारखा. तो बिचारा वाकला. त्याचं टक्कल अख्खं टीव्हीत आलं. नरेंद्रने विचारलं, असं कशाला करायला लावलंस? मी टीव्हीकडे बोट केलं. मग तोच म्हणाला, "हे तेव्हा असतं तर बाबा दिसले असते. पण बघणारा पण हवा ना."

आता तो रविवार. तू तेव्हा एकोणीसचा, गाडी शिकून महिना झालेला. आपल्या जुन्या व्हॅनचा हँडब्रेक ढिला आणि आपला बोळ उताराचा, म्हणून चाकामागे दगड लावायचो. तुझा आजा दगड काढायचा, बाजूला व्हायचा, पत्र्यावर दोन थापा मारायचा, मग मी पायरीवरून "येऊ दे" म्हणायची. त्या दिवशी त्याने थापा मारल्या नाहीत. तू गाडी मागे घेतलीस. तो चाकाखाली सापडल्यावर नरेंद्रने तुला सगळ्यांसमोर मारलं, तेव्हा तू एकदाच म्हणालास, "आजी येऊ दे म्हणाली." नरेंद्रने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी तर आत स्टोव्हपाशी होते.

पोरा, तू बरोबर ऐकलं होतंस. मी पायरीवरच होते आणि म्हातारा वाकलेला मला दिसत होता. सकाळपासून फुशारकी मारत होता, ऑर्डनन्सच्या कारखान्यात तीस वर्षं पेट्या उचलल्या, अजून तरण्यांना मागे टाकीन. मला वाटलं, बघू किती चपळ आहे, जरा पळवू याला. म्हणून ओरडले. चेष्टा केली रे. आयुष्यभर त्याची केली, आणखी एक केली. तो उठला, पण पाय दगडावरून घसरला.

त्यानंतर अकरा महिने तो खाटेवर होता, हे तुला माहीत आहे. हे माहीत नाही की त्याने पण माझी हाक ऐकली होती. कुणाला सांगितलं नाही. मी पेजेचा चमचा तोंडाशी नेला की नुसता म्हणायचा, "येऊ दे." सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शीलाला वाटायचं म्हातारा भुकेजलाय. माझी चेष्टा माझ्यापेक्षा चांगली करून गेला तो. आणि तुला घरातून काढलं तेव्हा आणि आज्याच्या मातीला येऊ दिलं नाही तेव्हाही मी गप्पच बसले, कारण राहायचं होतं मला नरेंद्रच्या घरात. तू तरुण होतास, म्हटलं कुठेही जाईल. तू चाकणला गेलास. ऐकलं की अजून गाडीला हात लावत नाहीस, तुझी नवरी प्रगती स्कूटर चालवते आणि तू मागे बसतोस. पोरगी चांगली दिसते. घट्ट धरून बस.

तुझी लग्नपत्रिका वीस दिवस मीटरच्या पेटीवर पडून आहे. नरेंद्र म्हणतो, स्वतः येणार नाही आणि शीलालाही पाठवणार नाही. मी तुझ्याकडे माफी मागत नाही, मिळाली तरी ठेवू कुठे. उद्या याने मला बाहेर काढलं तर तू ठेवून घेशील असंही धरून चाललेले नाही. हे तुला कळावं म्हणून सांगितलंच, पण त्याहून जास्त म्हणजे हे नरेंद्रने स्वतःच्या हाताने लिहावं म्हणून सांगितलं. तोंडी सांगितलं असतं तर म्हणाला असता, म्हातारी नातवाला वाचवायला बनवून बोलतेय. गेला बराच वेळ तो मान वर करत नाहीये. माझे शब्द लिहितोय की नुसत्या रेघा ओढतोय, मला कळायला मार्ग नाही. आता अंगठा लावून कागद त्याच्याकडेच देणार आहे. पाकीट त्याने चिकटवायचं, पत्ता त्याने घालायचा, पोस्टाच्या पेटीपर्यंत त्यानेच जायचं. तुला हे मिळालं, तर लग्नात पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेव.

तुझीच,
खोटं बोललेली आजी, रखमा
(अंगठा)