चौथी मागणी

बाबा, परवा तुमच्याबद्दल चार शब्द बोलायला मला कुडाळला नेलं होतं. तुमच्या युनियनचं आता नुसतं नाव उरलंय, पण नावाला हार घालायला माणसं अजून मिळतात. स्टेजवर तुमचा फोटो होता आणि फोटोशेजारी तीन पुढारी. त्यातला एक तर त्याच पक्षाचा, ज्याला तुम्ही जन्मभर शिव्या घातल्यात. त्यानेही तुम्हाला हार घातला आणि तुम्ही फोटोत असल्यामुळे तो घालून घेतलात. मी शाल घेतली, नारळ घेतला, तुम्ही किती निर्भीड होता ते सांगितलं आणि गुपचूप घरी आले. खरं बोलायचं होतं ते राहिलंच, म्हणून आता लिहायला बसले आहे. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही हे एक बरं आहे, कारण बोलण्यात तुम्ही कधी कुणाला हार गेला नाहीत.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. फायनल पास होऊन आपल्या गावात, रेडीच्याच शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. तुम्ही बंदरात बार्जवर होता आणि आई पाट्या टाकणाऱ्या बायकांत. खाणीतलं खनिज धक्क्यावर ढीग करून पडलेलं असायचं. ते पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, हलणाऱ्या फळीवरून चालत जाऊन बार्जमध्ये ओतायचं आणि रिकामी पाटी घेऊन परत यायचं. बार्ज भरली की ती बाहेर खोल पाण्यात थांबलेल्या जपानी बोटीकडे जायची. आईने लुगडं कुठल्याही रंगाचं घेतलं तरी दोन महिन्यांत ते त्याच एका तांबड्या रंगाचं व्हायचं. पाटी तीच, फळी तीच, पण बायकांच्या हातावर पुरुषांपेक्षा मजुरी कमी पडायची. का, असं कुणी विचारलं तर कंत्राटदाराचा मुकादम म्हणायचा, "बायल म्हणान." एवढंच उत्तर. त्याच्याहून मोठं उत्तर द्यायची त्याला कधी गरजच पडली नाही.

आणि सरकार म्हणाल तर ते आपलं, गरिबांचं, समाजवादी धर्तीचं! काय थाट होता त्या शब्दांचा! भिंतीभिंतीवर योजना आणि भाषणाभाषणात कष्टकरी. किमान मजुरीचा कायदा दिल्लीत झालेला, तो आमच्या धक्क्यावर कधी पोचला नाही. मजुरांचा साहेब म्हणून जो अधिकारी यायचा तो कंत्राटदाराच्या जीपमधून उतरायचा, कंत्राटदाराच्या घरची सुरमई खायचा आणि ढेकर देऊन आम्हाला सांगायचा की देशाची उभारणी चालू आहे, अशा वेळी संप करणं शोभत नाही. उभारणी आमच्या डोक्यावरून चालली होती, हे त्याला कधी दिसलं नाही. यावर तुम्ही सभेत बोलायचात तेव्हा माणसं हसून लोळायची. "समाजवाद मुंबैत बोटीर चढता खरो," तुम्ही म्हणायचात, "पण वेंगुर्ल्यात पोचासर त्येका बोट लागता आणि सगळो दर्यात वोकान टाकता. हंय उतरता ती नुसती टोपी!" मलाही हसू यायचं. अजून येतं. तुमच्यासारखी टिंगल मला साधली नाही, पण तिरस्कार मात्र मी तुमच्याकडूनच घेतला, आणि तो चांगला टिकाऊ निघाला.

नव्या धक्क्याची कोनशिला बसवायला मंत्री येणार असं ठरलं, तेव्हा तुम्ही निवेदन लिहायला काढलंत. स्वयंपाकघरातच बसलो होतो. आई बांगडे साफ करते आहे, तुम्ही पाटावर बसून सांगता आहात आणि मी लिहिते आहे. शुद्ध मराठी, 'मायबाप सरकारने स्वतःच्याच घोषणांना हरताळ फासला आहे' वगैरे. पहिली मागणी कंत्राटी पद्धत बंद करा, दुसरी किमान मजुरी द्या, तिसरी फळीवरून पडून जायबंदी होणाऱ्याला भरपाई द्या. तुम्ही थांबलात. आईने मान वर केली नाही. "चौथा लिव गो चेडवा," ती म्हणाली. "बापयांएवडी मजुरी बायलांका." तुम्ही थोडं हसलात आणि मला म्हणालात, "लिव, लिव." मी लिहिलं, पुरुषांएवढीच मजुरी बायकांना. आईने हात धुतले आणि जवळ येऊन त्या ओळीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे पाच जण आपल्या दारापुढच्या खळ्यात जमले, पाचही पुरुष. आई कामावर होती. ते गेल्यावर तुम्ही मला हाक मारून सांगितलंत की चौथी मागणी काढून निवेदन पुन्हा लिहून काढ. "सगळाच एकदम मागला तर सरकार कायच देवचा नाय. बायलांचा फुडच्या टायमाक बघू." मी म्हटलं, "बाबा, सरकारव ह्याच सांगता मा? फुडच्या योजनेत, फुडच्या योजनेत." तुम्ही चिडलात. "तू शाळेत शिकय. माका शिकव नको." मग मी तीनच मागण्यांची स्वच्छ प्रत काढली. अक्षर सुंदर आलं म्हणून तुम्ही माझं कौतुकही केलंत.

मंत्री आले त्या सकाळी बोट बाहेर उभी होती आणि कुणी पाटीला हात लावला नव्हता. बेत चांगला होता. मांडवासमोर सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, निवेदन द्यायचं आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. पण गावातला सरकारी पक्षाचा टोपीवाला पुढारी तुमच्यापेक्षा हुशार निघाला. त्याने पोलीस आणले नाहीत, भाषणही केलं नाही. त्याने देवळाच्या मानकऱ्याला पुढे केलं आणि गाऱ्हाणं घालायला, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायला लावलं. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं सुरू झालं की बसून राहील असा माणूस जन्माला यायचाय. तीनशे माणसं उठून उभी राहिली, डोक्यावरचे टॉवेल उतरले, हात जोडले गेले. संप तिथेच उभा राहिला आणि तिथेच मोडला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गावात जा काय बरा काम होवक घातला हा, त्येका यश दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ह्या सरकाराच्या हातान लेकरांचा कल्याण करून घी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मानकरी म्हातारा होता, त्याला पढवलेलं तो सरळ मनाने म्हणत होता. "आणि ह्या लेकरांच्या मनात जा काय वाकडा इला आसात ता दूर कर, आणि सगळ्यांका एका मतान आजच्या आज कामाक लाव रे म्हाराजा!" तीनशे गळ्यांतून "व्हय म्हाराजा!" उठलं. सवयच ती, शब्द पुरा व्हायच्या आत तोंडातून निघतो. पण मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्हाला वाक्य कळलं होतं. देव नाही म्हणून वेंगुर्ल्याच्या बाजारात भांडणारे तुम्ही, निवेदन जोडलेल्या दोन हातांत धरून तुम्हीही ओठ हलवलेत.

आणि मग बायकांतून एकटा आवाज आला. "नाय म्हाराजा!"

असं कुणी कधी म्हणत नाही. मानकऱ्याचे हात तसेच राहिले. मंत्र्यांनी वाकून शेजारच्या माणसाला विचारलं, बाई काय म्हणतायत? तो म्हणाला, आनंद झालाय, साहेब. तेव्हा कष्टकऱ्यांच्या त्या कैवाऱ्याने आईकडे बघून हसत हसत हात जोडले. बाबा, त्या माणसाला मी आयुष्यभर माफ केलं नाही, आणि त्याच्याहून जास्त तुम्हाला. तुम्ही तरातरा बायकांत गेलात आणि आईचा दंड धरलात. "देवाम्होरा? लाज नाय वाटणा तुका?" आईने दंड सोडवून घेतला. "तुमी व्हय म्हटलात, मिया नाय म्हटलंय. कागदार आमचाव लिवलेला आसा. ता तुमका सोडूक कोणी सांगल्यान?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी खाली बघितलं.

दुपारपासून पाट्या सुरू झाल्या. देवासमोर शब्द गेला होता, आता मागे कोण घेणार? मुंबईच्या पेपरात आलं की कामगारांनी एकमुखाने सरकारला सहकार्य दिलं. आईला मुकादमाने दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही, त्यानंतरही कधी घेतलं नाही. युनियनने त्यावर एक ओळ लिहिली नाही. तुम्ही मात्र तिला देवळात नेऊन नारळ ठेवायला लावलात, चुकीची माफी म्हणून. त्यानंतरही तुमची पत्रकं निघतच राहिली आणि अधिकाधिक धारदार होत गेली. सरकार दुटप्पी, सरकार बोलघेवडं, सरकार दुबळ्याला म्हणतं थांब. सगळं खरं होतं. त्यांची शुद्ध प्रत मीच काढायची आणि लिहिताना मला तुमचं तोंड दिसायचं.

आता युनियनवाले स्मरणिकेसाठी मजकूर मागतायत. त्यांना मी दुसरं काहीतरी लिहून देईन, निर्भीड वगैरे. हे त्यांच्यासाठी नाही, आणि तुमच्याकडे पोचवायची सोय नाही. पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नव्हती, ती लिहून टाकते. मंत्री आले त्या सकाळी निघण्याआधी आईने मला स्वच्छ प्रत वाचून दाखवायला सांगितली होती. मी तीन मागण्या वाचल्या. ती चौथीची वाट बघत उभी होती. मी कागदावरून नजर न काढता, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे बघून, तीही वाचली. आई "बरा" म्हणाली आणि पदर खोचून निघाली. तुम्ही कागदावरची मागणी भिऊन सोडलीत असं ती मरेपर्यंत मानत राहिली, आणि मी तिला ते मानू दिलं.