बाईंच्या डब्याची जागा

रामनगर
२३ एप्रिल १९९५, रविवार

सुलभा माधव देसाई, तुझा परवाना आला.

दवाखान्याच्या नावाने आहे. बिनतारी यंत्रे दोन: एक इमारतीत, एक जिप्सी गाडीत. सोबत मूळ अर्जाची प्रत जोडून परत पाठवली आहे. अक्षर तुझे. “पावसाळ्यात दिग्गीच्या वाटेवर परिचारिकेस कोणाशीही संपर्क साधता येत नाही.” हे वाक्य मी सांगितले आणि तू लिहून घेतलेस. ‘परिचारिकेस’ या शब्दाशी थांबून हसलीस. “मला म्हणा की सरळ.”

देणगीत आलेल्या जोडीतले गाडीचे यंत्र चौदा महिने आपल्या लोखंडी कपाटात पडून होते. नुसते बसवून तरी ठेवा, असे तू दोनदा म्हणालीस. परवाना हाती आल्याशिवाय एक तारही जोडणार नाही, असे मी दोन्ही वेळा उत्तर दिले. गेल्या श्रावणात तू दिग्गीच्या वाटेवरच गेलीस, परत आली नाहीस. यंत्र त्या दिवशीही कपाटातच होते.

आजपासून या वहीत लिहीन. विषय एकच राहील.

२५ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांना परवाना दाखवला. त्यांनी उभ्यानेच वाचला. म्हणाले, “देसाई सर, दिग्गीतून या खोलीत आवाज आला, तर सिस्टरची पावसाळी फेरी चालू ठेवतो. नाही आला, तर जून ते सप्टेंबर फेरी बंद. आणखी एक बाई त्या रस्त्यावर पाठवून मी इथे घड्याळ बघत बसणार नाही.”

त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. मुदत मे अखेर.

तुझ्या जागी आलेली मालन सिस्टर दारात उभी होती. तिने विचारले, “आणि बाळंतिणींनी काय करायचं? पाऊस संपेपर्यंत कळ काढायची?” डॉक्टरांनी परवाना माझ्या हाती परत दिला. मी घरी आलो. कपाट उघडले.

यंत्र ठीक आहे. झाकणावर धूळ. तुझ्या जुन्या पदराच्या फडक्याने पुसले.

२९ एप्रिल, शनिवार

चालक परशरामसह गाडीची पाहणी. सकाळी आठ ते साडेदहा.

(१) छत कापडी. त्यामुळे यंत्राची सळी, म्हणजे अँटेना, छतावर बसवण्यात अर्थ नाही, तिला खाली लोखंड हवे. बॉनेटच्या कडेला बसवावी लागेल.
(२) यंत्र पुढच्या फळीत मावत नाही. मात्र त्याचे दोन भाग सुटे होतात. जड पेटी मागे ठेवावी. बटणे, आकडे आणि बोलण्याचा माइक चालकापुढे. मध्ये एक लांब केबल.

परशरामने दोन्ही भाग दोन हातांत धरून पाहिले. “डोकं एकीकडं, धड एकीकडं. राहू-केतूच की ओ सर हे!”

मला तेव्हा हसू आले नाही. घरी येऊन आले.

पेटीसाठी जागा ठरवली: चालकाच्या पाठीमागे, चाकावरचा उंचवटा. कोरडी, हवेशीर, शिवाय दोन कड्या आणि बांधण्याचा पट्टा आधीच तयार. मी पेन्सिलीने खूण करू लागलो, तोच त्याने माझा हात धरला. आजवर त्याने असे कधी केलेले नाही.

“तितं नको, सर.”

“का?”

“तितं बाईंचा डबा.”

तुझा लसीचा डबा. मालन सिस्टर आपला डबा मांडीवर घेऊन बसते, हे मी पाहिले होते; कारण आज समजले. परशराम त्या जागी तिला काहीही ठेवू देत नाही. पट्टा अजून बक्कल लावून आहे. आत काही नाही.

कामाच्या नोंदवहीत लिहिले: ‘पेटी चालकाच्या आसनाखाली. केबल आखूड लागते, म्हणून.’

हे कारण खरे नव्हते.

२ मे, मंगळवार

बसवण्याचे काम, पहिला दिवस. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तारा घेतल्या, दोन्हींना बॅटरीपाशीच फ्यूज. इंजिनाच्या पत्र्यातून आत येताना तार घासू नये म्हणून भोकाला रबरी कडे. परशरामने ते जुन्या ट्यूबमधून कापून दिले. बाजारात मिळाले असते त्याहून चांगले बसले. माइकची खुंटी गिअरच्या दांड्याजवळ, डाव्या हाताला सहज सापडेल अशी.

“माझा हात पोचतोय, खरं सिस्टरचा न्हाई पोचणार,” परशराम म्हणाला. मुद्दा योग्य होता. खुंटी चार बोटे डावीकडे सरकवली.

दुपारी जेवलो नाही. तू असतीस तर डबा पाठवला असतास आणि वर चिठ्ठी.

७ मे, रविवार

सळीची लांबी मापून चार मिलिमीटर कापली. पाठवलेली शक्ती आता सळीवरून यंत्राकडे परत फिरत नाही. इंजिन चालू केले की एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. केबल गाडीच्या इतर तारांना चिकटून गेली होती. उजव्या दाराच्या उंबऱ्याखालून नेली. शिट्टी गेली.

आवारात पहिले बोलणे. मालन सिस्टर आत, गुरुवारी इमारतीत बसवलेल्या जोडीतल्या दुसऱ्या यंत्रापाशी, आम्ही गाडीत. तिला बजावले होते: बटण दाबून बोलावे, सोडून ऐकावे. ती बोलली, “ऐकू येतंय का हो सर? सर? येतंय का?” आणि बटण दाबूनच बसली. मी उत्तर देतो आहे, ती ऐकत नाही, पुन्हा विचारते आहे. शेवटी परशराम खिडकीकडे तोंड करून ओरडला, “सोडा की ओ सिस्टर ते बटन! त्येंना बी बोलू द्या जरा!”

दवाखान्यातले सगळे रुग्ण हसले. डॉक्टरही.

प्रत्यक्ष चाचणी मंगळवारी.

९ मे, मंगळवार

चाचणी अयशस्वी. कारण मी.

काल दिग्गीच्या बाजूला वळीव झाला होता. गावाच्या अलीकडचा नाला गुडघाभर. परशरामने नेहमीप्रमाणे न थांबता गाडी घातली. पाणी आसनाखालच्या भोकांतून वर आले. आकडे एकदा लुकलुकले आणि विझले. जळल्याचा किंचित वास. दिग्गीत पोहोचलो तेव्हा आमच्याजवळ एक मुकी पेटी होती.

परतताना नाल्याच्या पलीकडच्या काठावर, दिग्गीच्या बाजूला, त्याने गाडी थांबवली. मी सांगितले नव्हते.

“हितंच, सर. हितं पानी चढलं आनी गाडी अडकली. बाईंच्या पोटात कळ उठलेली. मागच्या बाकावर निजवलं. म्हातारी एक दिग्गीची, ती बसली जवळ. मी दोर धरून पल्याड गेलो आनी चालत सुटलो.” सहा तासांनी तो फॉरेस्टच्या नाक्यावर पोहोचला, हे मला ठाऊक होते. बाकीचे मी नऊ महिन्यांत विचारले नव्हते.

मी खाली उतरून पाण्याकडे पाहिले.  घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती, हे नोंदवतो.

१२ मे, शुक्रवार

पेटी उघडली. चिखल, एक पान. शुद्ध पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात, जाळीखाली. एक फ्यूज आणि केबलचे एक टोक बदलले. संध्याकाळी पाचला आकडे उजळले.

उरलेले दिवस: एकोणीस.

१४ मे, रविवार

सकाळी परशराम घरी आला. आत बसला नाही, पायरीवरच टेकला. चहा दिला.

“सर, चूक माझी. मी अडवलो तुमास्नी.”

“अडवलेस तू. मान्य मी केले. आणि वहीत खोटे कारण मी लिहिले.”

त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “ती जागा बाईंनीच निवडलेली. पैल्या पावसाळ्यात सगळीकडं डबा ठेवून बगितल्या. आसनाखाली भिजला, बाकाखाली भिजला. म्हनायच्या, परशा, मी भिजले तर चालतंय, डबा भिजता कामा नये. मग तितं कड्या मारून घेतल्या.”

म्हणजे गाडीतली एकमेव कोरडी जागा तू पाहणी करून ठरवून ठेवली होतीस. आणि ती रिकामी राखण्यासाठी आम्ही दोघांनी यंत्र पाण्यात घातले.

दहा वाजता आवारात गेलो. बक्कल गंजले होते. परशरामने खोबरेल लावून, दातांत ओठ धरून, ते उघडले. पट्टा त्याने फेकू दिला नाही. पेटी त्याच कड्यांत, त्याच पट्ट्याने बांधली. एक भोकही नवे पाडावे लागले नाही. शेजारी वीतभर जागा उरली, तिथे मालन सिस्टरचा डबा बसतो. तिने ठेवून पाहिला. या वेळी परशरामने तो आत सरकवून दिला.

२१ मे, रविवार

दुसरी चाचणी. मालन सिस्टर रामनगरला यंत्रापाशी नऊपासून. दर पंधरा मिनिटांनी हाक, असे ठरले होते.

नाला पोटरीभर. पेटी कोरडी.

दिग्गी, शाळेसमोर: खरखर. देवळाच्या अंगणात: खरखर. गाव खोलगट आहे, चारी बाजूंनी डोंगर. मी हे कागदावर आधीच जाणून होतो आणि तरीही आशा धरली होती. तीन वेळा हाक दिली.

एक म्हातारी कोकमाचे पाणी घेऊन आली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “तू बायेचो घोव?” नवरा मीच, असे मी म्हटले. तिने माझ्या मनगटाला हात लावला, पेला दिला, मी पिईपर्यंत उभी राहिली. तुझ्याजवळ बसलेली तीच ती. शेवटी तू काही बोललीस का, हे विचारायचे मनात होते. विचारले नाही. पुढच्या वेळी विचारीन.

परतताना, तुझ्या जागी, नाल्यावर: खरखर.

परशरामने गाडीचे इंजिन बंद केले. मी म्हणालो, मागे घे. दिग्गीच्या दिशेने चढावर, वळणापर्यंत. तिथे झाडी तुटते आणि उत्तरेकडचा डोंगर खांदा पाडतो. गाडी उभी केली. सव्वाबारा. हाक दिली.

“सर! येतंय, येतंय! स्वच्छ येतंय!” आणि या वेळी तिने बटण सोडले.

मी स्थान, वेळ आणि हवामान सांगितले. ती म्हणाली, डॉक्टर शेजारीच उभे आहेत. डॉक्टरांचा खोकला ऐकू आला. त्यांचा खोकला मी ओळखतो.

नंतर नाल्यापासून वळणापर्यंत पावले मोजली. तीनशे बारा. वळण नाल्याच्या दिग्गीकडल्या बाजूलाच आहे. पाणी चढले तरी तिथवर चालत येता येते.

परशराम वळणावरच्या काळ्या दगडावर बसला. “तीनशे पावलं, सर. आनी मी सा तास चाललो.”

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. जे मी कुणाजवळ बोललो नव्हतो ते मोठ्याने बोललो: “त्या दिवशी यंत्र माझ्या कपाटात होते. गाडीत नव्हते. तू वळणावर थांबला असतास तरी बोलायला काही नव्हते. तू योग्य तेच केलेस.”

 तो उठला, गाडीतून चुन्याचा डबा आणला आणि दगडावर मोठा पांढरा पट्टा ओढला. मग अलीकडे येऊन पाहिला, समाधान झाले नाही, दुसरा ओढला.

२२ मे, सोमवार

अहवाल लिहायला बसलो. परशराम पायरीवर.

“लिवा की सर, दिग्गीतनं बोललो म्हनून. वळन दिग्गीचंच की. कोन बगायला येतंय?”

खरे म्हणजे वळण दिग्गीच्याच हद्दीत येते. ‘दिग्गी परिसरातून’ असे लिहिले असते तर एकही शब्द असत्य ठरला नसता. हात थांबला. एकदा माझ्या नियमाने तुला गाडीत एकटे ठेवले. आता त्याच नियमाने दिग्गीची फेरी बंद पडणार असेल, तर हा नियम कोणासाठी आहे? पाऊण तास हाच विचार.

मग मालन सिस्टर डोळ्यांपुढे आली. शाळेसमोर बसून ती या अहवालावर विसंबेल, हाक देईल, आणि तिला खरखर ऐकू येईल.

लिहिले: ‘दिग्गी गावातून संपर्क झाला नाही. नाल्यावरून झाला नाही. नाल्यापासून तीनशे बारा पावलांवर, दिग्गीच्या बाजूला, पांढरे पट्टे ओढलेल्या दगडापाशी स्वच्छ झाला. गावातून तेथे पायी पाऊण तास. सूचना: जाताना व येताना गाडीने त्या दगडापाशी थांबून हाक द्यावी. ठरल्या वेळी हाक न आल्यास रामनगरहून दुसरे वाहन निघावे. पावसाळाभर फेरीच्या दिवशी इमारतीतील यंत्रापाशी मी स्वतः बसेन.’ शेवटचे वाक्य नियमात नव्हते, ते माझे.

परशरामने ऐकून घेतले. “आसंच लिवनार तुमी, ठावं होतं मला,” म्हणाला. रागावलेला वाटला नाही.

डॉक्टरांनी दोनदा वाचले. चष्मा काढला. “म्हणजे गावातून नाही.”

“नाही.”

“पेशंट गावात आणि यंत्र वळणावर.”

“होय. परंतु सहा तासांच्या वाटेवर नाही. पाऊण तासाच्या.”

त्यांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला, वर पेपरवेट. “विचार करून सांगतो, सर. मुदत अजून आहे.”

मालन सिस्टर बाहेर भेटली.  वळणावरचा दगड जाताना डाव्या हाताला येतो की उजव्या, एवढेच तिने विचारले. डाव्या, असे सांगितले.

गाडी आवारात उभी केली. यंत्र बंद. पट्टा ओढून पाहिला, घट्ट आहे. खिडक्यांची कापडे लावली, दार कुलूपबंद केले. किल्ल्या डॉक्टरांच्या टेबलावर, त्या कागदाशेजारी, परत ठेवल्या.