जिभेखालची गोळी

मारेगाव, ता. २० एप्रिल २०२५

ती. सौ. दीपाताईस,
संघदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा फोन भाऊजींच्या हातात असतो, म्हणून पत्र लिहितो. जिनिंगमध्ये कापसाची गठाण अंगावर पडल्यापासून इंद्रजितदादाला कंबरदुखीच्या कॅप्सूलची जी नशा लागली होती, ती आता काबूत आहे. जिभेखाली ठेवायच्या गोळीने त्याची तडफड थांबली. तो चौकातल्या रसवंतीवर कामाला जातो. काल त्याने माझ्या मिशीची थट्टा केली आणि मला रडू आले.

पण गोळ्या आणि यवतमाळच्या फेऱ्या यांत माझा दुकानातला पगार संपतो. सरकारी केंद्रात गोळी फुकट मिळते, पण तिथे रोज जाऊन त्यांच्यासमोरच घ्यावी लागते. मग कामावर कोण ठेवील? आईने एक बकरी विकली. आपल्या मनाने औषध बंद करू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. या महिन्याला तुझ्याकडून काही जमेल का?

माया असू दे.
तुझा संघदीप

पुसद, ता. २९ एप्रिल

चि. संघदीपास अ. उ. आशीर्वाद. आईला जयभीम.

तुझं अक्षर इतकं नीट, की यांना वाटलं कोर्टाची नोटीसच आली! शिलाईचे पैसे प्रेमसिंग कंडक्टरांच्या हाती पाठवले आहेत. पुढच्या महिन्याचं मात्र जमणार नाही.

हे विचारतात, की नशा सोडायले नशेचीच गोळी, तं मंग सुटलं काय? मलाही ते पटतं. माझ्या चुलत सासऱ्यांनी विहारात सगळ्यांदेखत नशा न करण्याचं पाचवं शील घेतलं, ते पुन्हा दारूला शिवले नाहीत. बुद्धपौर्णिमा जवळ आली आहे. दादालाही घ्यायला लाव. शीलाला पैसे पडत नाहीत रे.

जेवत जा. रागावू नकोस.
तुझी ताई

मारेगाव, ता. १० जून

ती. ताईस सप्रेम जयभीम.

पौर्णिमेला दादाने खणखणीत आवाजात शील घेतले. आईने खीर केली. गोळीही नशाच, असे समजून उरलेल्या त्याने मोरीत टाकल्या. आम्ही कोणी अडवले नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याचे अंग मोडून येऊ लागले, झोप गेली. सगळ्यांदेखत शील घेतलेले, म्हणून तो कोणाला सांगेना. शेवटी त्याने कॅप्सूल आणल्या आणि पूर्वीइतक्याच घेतल्या. शरीराला तेवढी सवय राहिली नव्हती. रसवंतीच्या मागे निळा पडलेला सापडला.

वाचला. विहारात वंदना घेणाऱ्या रुक्माबाई आईवर चिडल्या, की औषधानं कुठं शील मोडते बाई, मले एक डाव इचारायचं तरी!

गोळी पुन्हा सुरू आहे, आता जास्त ताकदीची. मी यंदा बारावीचा फॉर्म भरत नाही. शील तू सुचवलेस, हे आईला सांगितलेले नाही, सांगणारही नाही.

गोळी विरघळेपर्यंत बोलायचे नसते. तेवढा वेळ आई त्याच्यासमोर बसते. काल तिने त्याला सांगितले, की दवाखान्यात घटकाभर तिच्या मनात आले होते, हा गेला तर सुटेल आणि आपणही सुटू. दादाने तिच्याकडे पाहिले. गोळी वाया जाऊ नये म्हणून त्याने तोंड उघडले नाही.

महिनाअखेरपर्यंतच्या गोळ्या आहेत. पुढचे बघ, आणि आमच्यावर लोभ ठेव.
संघदीप