हेलिकॉप्टरमध्ये कोण बसलं

सँ-जोझेफ, रेयुनियन बेट
१६ जून

प्रिय सिल्वेन,

तुझ्या भावाने तुला फोन करून सांगितलं की आई हट्टाने माफातच्या दरीत पायी गेली, तिच्यामुळे सगळ्यांचे दोन तास वाया गेले आणि परत येताना हेलिकॉप्टर लागलं. त्यावर तू मला निरोप पाठवलास, 'आई, आता तरी दिदिएचं ऐक. मी सही करते.' म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर तुम्ही दोघं मला वाक्य पूर्ण करू देत नाही. आणि तू सही करायच्या आधी पूर्ण हकिगत वाचावीस, अशी माझी अपेक्षा आहे.

सुरुवात मातृदिनाच्या रविवारी ग्रांद आंसच्या किनाऱ्यावर झाली. सहलीचं टेबल धरायला पहाटे मी जाते, हे तुला माहीत आहे. यंदा दिदिए म्हणाला, "आई, तुझाच दिवस आहे, झोप. टेबल मी धरतो." साहेब सँ-देनीहून दहाला उगवले. तोवर सगळी टेबलं भरलेली, प्रत्येक चुलीवर कुणाचं ना कुणाचं पातेलं. आम्ही गाड्यांच्या तळाशेजारी, कचऱ्याच्या पिंपाजवळ चटई टाकली. मी तीन दगड मांडून सॉसेजचा रस्सा शिजवला, आणि त्याने दुकानातून डब्यांत थंड सॅलड आणलं होतं. तिथे जेवता जेवता त्याने कागद काढले. सँ-देनीत फ्लॅट, चौथा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. हे घर विकायचं. तुमचे वडील गेल्यापासून घर आपल्या तिघांच्या नावावर आहे, त्यामुळे तुझीही सही हवी. त्याचा मित्र पात्रीस तोंडात घास घेऊन म्हणाला, "काकू, लिफ्ट म्हणजे चैन आहे चैन!" मी विचारलं, घराला काय झालंय? दिदिए म्हणाला, "घराला नाही, तुझ्या गुडघ्यांना झालंय."

मी म्हणाले, मी पुढच्या आठवड्यात माझ्या जुन्या मैत्रिणीला, एलियेतला भेटायला माफातला जाणार आहे. तो हसला. "तिथे मी धापा टाकतो, आई. तू पायी उतरलीस आणि पायी वर आलीस, तर मी फ्लॅटचं नाव काढणार नाही." कोरीनने लगेच पर्समधून पेन काढून कागदी रुमालावर ते वाक्य लिहिलं आणि नवऱ्यापुढे सरकवलं. "सही कर. तुला सोयीचं तेवढंच आठवतं." मला ही सून पहिल्यापासून आवडते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तर आम्ही चौघं निघालो. सालाझीच्या घाटात नवरीच्या ओढणीच्या धबधब्याशी फोटो, पुढे कॉफी, पुन्हा फोटो. बैलांच्या खिंडीत पोचायला नऊ वाजले. दहाला खिंडीत ढग भरतात हे या बेटावर शाळेतल्या पोरालाही कळतं. माझ्याच पोराला कळलं नाही. गाडीतून उतरताच त्याने माझ्या पाठीवरची पिशवी ओढली. "तू मोकळी चाल." मी पिशवी परत घेतली. माफातला रस्ता नाही. जे जातं ते हेलिकॉप्टरने नाहीतर माणसाच्या पाठीवरून, म्हणून तिथे रिकाम्या पाठीने कुणी उतरत नाही. माझ्या पाठीवर एलियेतचे डोळ्यांत घालायचे थेंब, कॉफी आणि शिवणाचा दोरा होता. तिथेच एका अनोळखी बाईने माझ्या हातात पावांची पिशवी दिली, शाळेशेजारच्या घरी द्या म्हणून. दिदिए पुटपुटला, "आई, तू टपालखात्यात कधी लागलीस?"

लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या ओल्या होत्या. मी पाऊल आडवं टाकत उतरले. सत्तरच्या दशकात फ्रान्समधल्या एक्सहून पदवी घेऊन मास्तरीण म्हणून याच वाटेने गेले होते, तेव्हा एलियेतनेच तसं उतरायला शिकवलं होतं. तमरिन झाडांच्या पठारावर ढग झाडांमधून चालत होता, फांद्यांवर शेवाळ लोंबत होतं आणि वाटेच्या मधोमध एक गाय उभी होती, जिला हटायचं नव्हतं. पात्रीस तिला 'मॅडम' म्हणून विनवत होता. मी इतकी हसले की गुडघ्याचा विसर पडला. पाटीवर दोन तास लिहिलेत. मला चार लागले, त्यातला अर्धा तास पात्रीसच्या नव्या बुटांनी आलेल्या फोडांचा. आणि एक खरं सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. शेवटच्या उतारावर पाय लटपटला आणि मी मटकन बसले. घाबरले. कोरीनने पाहिलं. ती माझ्यापुढे आडोसा करून बुटाची नाडी बांधत राहिली, मी उठेपर्यंत.

एलियेत दारातच होती. "आलीस? मला वाटलं मेलीस." मग तिने कॉफी ओतली, निम्मी कपाच्या बाहेर. तेव्हा मला कळलं. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच दिसतं. गोळ्यांच्या डब्या हलवून आवाजावरून ओळखते. तिच्या मुलालाही तिला उचलून ल पोर शहरातल्या फ्लॅटमध्ये ठेवायचंय. ती म्हणते, "सांग त्याला, दोरी जाड आण. मी सोपी नाही." घेवडा मात्र तिने चाचपून सरळ रांगेत लावलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. दिदिए माझा फोटो काढायला मागे मागे सरकत गेला आणि एलियेतच्या घेवड्याच्या बांधावरून खाली पडला. घोटा टम्म सुजला. मग बिंग फुटलं. त्याने परतीला माझ्या नावाने हेलिकॉप्टरची जागा आधीच ठरवून ठेवली होती, गुपचूप. ते वेळेवर आलं. माझ्या जागेवर तो बसला, पाय पुढे पसरून. "आई, पायलट म्हणतोय आणखी एक जागा आहे. ये ना." मी म्हणाले, "रुमालावर 'पायी' लिहिलंय." मी, कोरीन आणि पात्रीस चालत वर आलो. पाच तास लागले. खिंडीत पोचल्यावर पात्रीस म्हणाला, "काकू, लिफ्टबद्दल बोललो ते मागे घेतो."

आता हे पत्र खरं कशासाठी. नाताळात तू विचारलं होतंस, "आई, मी नाँत सोडून बेटावर परत आले तर?" मी म्हणाले होते, चाळिशीतली माणसं आईकडे परत येत नसतात. तू "बरं" म्हणालीस आणि हवामानाविषयी बोलायला लागलीस. तिथे काय घडलंय ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण मी चुकले. ही पैज मी तुझ्यासाठी लावली होती. घर विकलं गेलं असतं तर तू कुठे आली असतीस? मी मात्र इथे नसेन. एक जुलैपासून मी एलियेतकडे राहणार आहे. तिला डोळे हवेत आणि मला लिफ्ट नको. दिदिएला अजून सांगितलेलं नाही. तू सांग, आणि तो ओरडेल तेव्हा फोन कानापासून लांब धर. कुठेही सही करू नकोस. ये.

तुझीच, आणि अजून कुणाच्याही ताब्यात नसलेली,
आई

ता. क. शेजारच्या रोझमेकडे आज दिलं: पुढच्या दाराच्या दोन किल्ल्या, मागच्या दाराची एक (दार उचलून धरून फिरवावी लागते), तुझ्या खोलीतल्या कपाटाची एक, सात कोंबड्या आणि एक कोंबडा, जो टोचतो. रोझमेने मोजून घेतलं आणि सही केली. तिच्याकडून घेणाऱ्याचं नाव म्हणून मी तुझं लिहिलं आहे.