काळजीची सूचना

१४ एप्रिल

पत्र आलं. बालकल्याण खात्याचं! आमच्याबद्दल त्यांच्याकडे ‘काळजीची सूचना’ आली आहे म्हणे. इल्वाला वरचेवर दुखापती होतात. २९ तारखेला येऊन भेटा.

होतात दुखापती! आठ वर्षांची पोर आहे ती, कपाटातली बाहुली नव्हे. पानगळीच्या दिवसांत झाडावरून पडून मनगट मोडलं. नाताळनंतर बर्फातली घसरगाडी थेट कुंपणावर — भुवईला टाके. गेल्या महिन्यात शाळेत काठी तासताना चाकू बोटात. वर्गातल्या सगळ्यांच्या हातात चाकू होते, लागलं फक्त हिला. बघून चाल, बघून चाल — सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

पोर काढून घेतील का?

१५ एप्रिल

कळलं कोण ते. ओडनी! तळमजल्यावरची. मागच्या आठवड्यात जिन्यात अडवून म्हणाली, "तुरुन, मला इल्वाची काळजी वाटते गं." काळजी! नेमका तोच शब्द! मी घाईत होते. म्हटलं, "तुमच्या मांजराची करा." त्याचा हा वचपा.

होवार्डला बोटीवर फोन केला. म्हणाला, "कोणी कळवलं ते पहिल्या भेटीत सांगतात. तोवर तोंड बंद ठेव." नवरा समुद्रात मासे ओढतोय आणि मला म्हणतो दम धर!

१९ एप्रिल

सापडलं. पुढच्या शनिवारी दुग्नाद आहे. अख्खी इमारत मिळून अंगण झाडणार, कुंपण रंगवणार. दुग्नादला जो येत नाही, तो शेजाऱ्यांना मेल्यातच जमा. आणि मधल्या सुट्टीत ओडनीचे वाफल, साच्यात भाजलेले गोड घावन, दरवर्षी. बाई वर्षभर त्याच दिवसासाठी जगते.

जग म्हणावं!

२१ एप्रिल

सगळे मजले फिरले. "चहाडी केली तिने. आज माझी, उद्या तुमच्या पोरांची." वरची सिनोव्ह म्हणाली, "नक्की तीच का गं?" म्हटलं, "तिच्याच तोंडचा शब्द आहे!" पुढे कोणी काही विचारलं नाही.

२६ एप्रिल

झालं! मनासारखं झालं!

ओडनीने टेबल मांडलं, जॅम, आंबट साय, वाफलची ही चळत. सगळ्यांनी आपापले डबे काढले. एकही जण पुढे गेला नाही. ती हातात चिमटा घेऊन उभी. मग हसत म्हणाली, "अरे, यंदा भूक नाही का कोणाला?" कोणी वर पाहिलं नाही. इल्वा धावली — मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"पोरीला एक तरी घेऊ दे, तुरुन."

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काळजी करायला आता खातं आहे."

तिने चळतीवर फडकं टाकलं आणि आत गेली. माझ्या जिवाला थंडावा मिळाला. इल्वा मात्र दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

२९ एप्रिल

सूचना देणारी ओडनी नव्हती.

सिगब्योर्न नावाचा तरुण होता खात्यात. कॉफी दिली. म्हणाला, सूचना शाळेच्या नर्सची. आणि नर्सकडे कोण गेलं होतं? इल्वा! आपल्या पायांनी. तिचे शब्द त्याने सांगितले — "मला सारखं लागतं. मी बघते, पण पाय आधीच गेलेले असतात. कोणीतरी तपासा मला."

"पोर कोणी काढून घेत नाही, तुरुन," तो म्हणाला. "एडीएचडी असेल, अशी नर्सला शंका आहे. अशा मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतं. मुद्दाम नाही, आणि घरच्यांचं लक्ष नाही म्हणूनही नाही. डॉक्टर तपासतील, उपाय आहेत."

मला रडूही येईना. एवढा राग घेऊन गेले होते, तो ठेवू कुठे?

येताना ओडनीच्या दारापाशी थांबले. बेल नाही वाजवली. काय तोंडाने वाजवू!

३० एप्रिल

इल्वाला विचारलं, "नर्सला सांगितलंस, मला का नाही सांगितलंस?"

"तुलाच आधी सांगितलं होतं. तू म्हणालीस, बघून चाल. मग मी ओडनीला म्हटलं, तू सांग ना आईला. ती म्हणाली, जिन्यात गाठून सांगते."